अलिबाग की मालवण? आधी विचारा, काठ कुणाचा!

मे महिना आला की जुन्नर-आंबेगावातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक पोल पडतो : अलिबाग की मालवण? पहिल्या दहा मिनिटांत अलिबाग पुढे, कारण जवळ. मग कुणीतरी तारकर्लीच्या निळ्या पाण्याची रील टाकतं आणि मालवण पुढे. मग हिशेब सुरू होतो. डिझेल किती, टोल किती, दोन रात्री की तीन. कुणाचा टोमॅटो तोडणीला आलेला असतो, त्याला एकच रात्र जमणार असते. कुणाला नारायणगावच्या मार्केटचा भाव बघून ठरवायचं असतं. शेवटी ज्याची गाडी त्याचा निर्णय, असं ठरतं आणि पोल तसाच लोंबकळत राहतो.

या पोलशी मला भांडायचं आहे. पर्यायांबद्दल माझी तक्रार नाही. दोन्ही गावं पाण्याकाठची, दोन्ही देखणी, दोन्हीकडे समुद्रात किल्ला. तक्रार आहे ती आपण लावत असलेल्या कसोट्यांबद्दल. अंतर, पाण्याचा रंग आणि खोलीचं भाडं, या तीन गोष्टींवर आपण शहर निवडतो. चौथा प्रश्न कुणी विचारतच नाही : तिथला काठ कुणाचा आहे?

काठ म्हणजे फक्त वाळू नव्हे. पाण्याला लागून असलेली जमीन कुणाच्या नावावर आहे? होडी कुणाची? खानावळीचा गल्ला कुणाच्या घरात जातो? रस्त्यावरून पाण्यापर्यंत जाणारी वाट सगळ्यांना खुली आहे, की मध्ये गेट आणि गेटवर वॉचमन आहे? आणि तो वॉचमन कालपर्यंत त्याच जमिनीचा मालक होता का?

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या माणसाने विचारला नाही तर एक वेळ समजू शकतं. जुन्नर-आंबेगावच्या माणसाने विचारला नाही, तर मात्र ते नुसतं दुर्लक्ष राहत नाही. त्यात कृतघ्नपणा येतो.

आपण कुठल्या पाण्यावर उभे आहोत

आपल्या दोन तालुक्यांत कुकडी प्रकल्पाची पाच धरणं आहेत. येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे ही चार जुन्नरमध्ये, डिंभे आंबेगावात. एकट्या डिंभ्यात साडेतेरा टीएमसीच्या आसपास पाणी मावतं. हे पाणी कालव्यांनी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातं. वाटेत आपल्या पूर्वेकडचा सगळा पट्टा हिरवा करून जातं. नारायणगावचा टोमॅटो, मंचरचा बाजार, ऊस, द्राक्षं, दारातली बोलेरो आणि त्या बोलेरोतून निघालेली मे महिन्यातली सहल, हे सगळं त्या पाण्यावर आहे.

आणि ते पाणी कुणाच्या तरी गावावर आहे. आंबेगाव तालुक्याचं नाव ज्या गावावरून पडलं, ते जुनं आंबेगाव आज डिंभे धरणाच्या पोटात आहे. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो, बाजार मंचरला भरतो आणि नाव मात्र पाण्याखालच्या गावाचं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की जुन्या गावाच्या खुणा वर येतात. आपण त्यांचे फोटो काढतो. ज्यांची ती घरं होती, ती माणसं वरच्या अंगाला सरकली. त्यांत बहुतेक महादेव कोळी, काही इतर. ज्या नदीकाठी त्यांची भातखाचरं होती, तिथे आता धरणाचा फुगवटा आहे. पाणी ओसरेल तेवढ्या गाळाच्या जमिनीवर त्यांनी गाळपेराची शेती केली. पुढे डिंभ्याच्या विस्थापितांनी मच्छीमारांची सहकारी संस्था उभी केली. आपल्याच गावावर साचलेल्या पाण्यात मासे धरण्याचा हक्कसुद्धा त्यांना मागून, भांडून मिळवावा लागला. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या 'शाश्वत' संस्थेने त्या लढ्यात त्यांना साथ दिली.

म्हणजे काठ कुणाचा, हा प्रश्न आपल्या तालुक्यात पुस्तकी नाही. पश्चिमेच्या गावांनी काठ गमावला आणि पूर्वेच्या गावांना पाणी मिळालं. बहुतेक ग्रुपांवर पोल टाकणारे आपण पूर्वेचे आहोत. त्यामुळे दुसऱ्याच्या काठावर जाताना तो कुणाचा आहे, हे विचारण्याची जबाबदारी आपल्यावर इतरांपेक्षा जास्त येते.

दोन बंदरांची जुनी निवड

पाण्याकाठच्या दोन शहरांपैकी एक निवडणं जुन्नरला नवीन नाही. दोन हजार वर्षांपूर्वीही हा प्रश्न जुन्नरच्या पुढ्यात होता. तेव्हा नावं होती कल्याण आणि सोपारा. सातवाहनांच्या काळात जुन्नरचा माल नाणेघाटाने कोकणात उतरायचा. घाटाच्या तोंडाशी आजही दगडी रांजण आहे, तो जकातीचा म्हणून दाखवला जातो. तिथल्याच गुहेत नागनिकेचा लेख आहे, त्यातले आकडे भारतातल्या सगळ्यात जुन्या लिखित आकड्यांमध्ये धरले जातात. घाट उतरला की पुढे बंदर. पण कोणतं?

पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक दर्यावर्दीने समुद्रमार्गांची एक माहितीपुस्तिका लिहिली. ती 'पेरिप्लस' नावाने ओळखली जाते. त्यात सोपारा आहे आणि कल्याणही आहे. कल्याणबद्दल त्याने जे लिहिलं आहे, ते आजच्या पोलसाठी फार उपयोगी आहे. आधीच्या राजाच्या काळात कल्याण ही रीतसर बाजारपेठ होती. मग ती दुसऱ्याच्या ताब्यात गेली आणि तिथल्या व्यापारात अडथळे आले. चुकून तिथे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात. खाडी तीच, पाणी तेच, धक्का तोच. काठाचा धनी बदलला आणि शहरच बदललं. त्या काळच्या व्यापाऱ्याने बंदर निवडताना पाण्याचा रंग पाहिला नसणार. काठ कुणाच्या हातात आहे, ते पाहिलं.

आणखी एक गोष्ट. तेव्हाचे पाहुणे जुन्नरला येऊन काय करून गेले, ते आपल्या डोंगरांत कोरलेलं आहे. लेण्याद्रीचं चैत्यगृह कल्याणच्या एका माणसाने दान दिलेलं आहे. सुलसदत्त हे त्याचं नाव लेखात आहे. इरिल नावाच्या यवनाने जुन्नरच्या लेण्यांमध्ये पाण्याची दोन टाकी दिली. परदेशी माणूस, समुद्रावरून आला, घाट चढला आणि पुढच्या वाटसरूला पाणी मिळावं म्हणून खडकात टाकी खोदवून गेला. आज माळशेजच्या वळणावर पाहुणे काय टाकून जातात, ते सांगायला शिलालेख नको. प्लास्टिक तेवढंच टिकतं.

तर आता आजच्या दोन शहरांकडे येऊ.

अलिबाग : जवळचं आणि बंद होत चाललेलं

अलिबागच्या बाजूने पुष्कळ बोलता येतं आणि ते आधी बोललं पाहिजे. आळेफाट्याहून माळशेज उतरा, कल्याण-पनवेल-पेण करत दिवसाच्या आत पोहोचता. ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं. कान्होजी आंग्र्यांची समाधी गावात आहे. १९०४ साली मुंबईच्या कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा इथे हलवली, कारण मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांनी यंत्रांच्या नोंदी बिघडल्या असत्या. म्हणजे मुंबईच्या गडबडीपासून लांब, शांत जागा म्हणून अलिबागची निवड सव्वाशे वर्षांपूर्वीच झाली होती. शास्त्रज्ञांनी आधी केली, श्रीमंतांनी नंतर.

अडचण या नंतरच्या निवडीत आहे. अलिबागजवळच्या किहीमचं उदाहरण घ्या. १९३० साली सलीम अली तिथे राहत होते. हाताला नोकरी नव्हती, म्हणून त्यांनी सुगरण पक्ष्यांची घरटी न्याहाळली आणि भारतीय पक्षिशास्त्रातला एक महत्त्वाचा अभ्यास तिथे झाला. त्याच किहीममध्ये ८ मार्च २०१९ रोजी नीरव मोदीचा समुद्रकाठचा बंगला सुरुंग लावून पाडावा लागला. किनारा नियमन क्षेत्राचे नियम मोडून तो बांधला होता. किनाऱ्याचं संरक्षण करणारी ती अधिसूचना १९९१ पासून आहे. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यात काय बांधायचं, यावर तिने बंधनं घातली. तरी बंगला उभा राहिला, आणि त्याचा मालक देश सोडून पळाला नसता तर तो पडला असता का, हे तुम्हीच ठरवा.

एक बंगला म्हणजे अलिबाग नव्हे, हे मान्य. पण मांडव्यापासून खाली येताना रस्त्याच्या समुद्राकडच्या अंगाने भिंती किती लागतात, ते एकदा गाडीतून मोजा. भिंतीच्या आत लॉन, लॉनच्या पलीकडे समुद्र. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली आणि मुंबईची मोटार बोटीत बसून यायला लागली. मुंबई जितकी जवळ आली, तितका जमिनीचा भाव वर गेला. आणि भाव वर जातो तेव्हा आधी काय विकलं जातं? पाण्याला लागून असलेली वाडी.

आपला ग्रुप जेव्हा अलिबाग ठरवतो, तेव्हा सहसा काय ठरवतो? बारा जणांना पुरेल असा पूल असलेला बंगला. मालक मुंबईत, चावी केअरटेकरकडे, जेवण फोनवरून मागवलेलं, संगीत आपलंच. समुद्र चालत पाच मिनिटांवर आणि तरी अर्धा दिवस पुलाच्या क्लोरिनमध्ये. अशा सहलीत तुम्ही अलिबागला जातच नाही. अलिबागच्या आत उभ्या केलेल्या एका बंद खोलीत जाता. तिथे तुम्हाला एकही अलिबागकर भेटला नाही, तर त्यात नवल काय?

मालवण : लांबचं आणि भांडणारं

मालवणच्या वाटेवर कंबर मोडते, हे खरं आहे. पुणे, कोल्हापूर, मग घाट. एक रात्र जमणाऱ्याने तिकडचा नादच सोडावा. पण तिथे पोहोचल्यावर एक गोष्ट जाणवते : इथला माणूस अजून आपल्या काठावर आहे आणि तो त्यासाठी भांडतो.

तारकर्ली-देवबागला उतरलात तर बरेचदा कुणाच्या तरी घरात उतरता. मागच्या दोन खोल्या पाहुण्यांना, पुढे घरचे लोक, सोलकढी घरातल्या बाईच्या हातची. मालवणचे मच्छीमार रापण ओढतात. मोठ्या जाळ्याचं एक टोक किनाऱ्यावर, होडीने वळसा घालून दुसरं टोक परत किनाऱ्यावर, आणि मग माणसांची रांग दोन्हीकडून ओढते. आलेल्या मासळीचे वाटे पडतात. रापण एकट्याने ओढता येत नाही आणि भिंत घातलेल्या किनाऱ्यावरही ओढता येत नाही. तिला मोकळी वाळू लागते. म्हणून रापण जिवंत असेल, तर किनारा मोकळा आहे असं समजावं. कुठल्याही स्टार रेटिंगपेक्षा मला ही खूण जास्त खात्रीची वाटते.

या मच्छीमारांनी पर्ससीन जाळ्यांविरुद्ध आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध वर्षानुवर्षं आंदोलनं केली. २०१६ साली राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले, त्यामागे किनाऱ्यावरच्या अशा पारंपरिक मच्छीमारांचा रेटा होता. १९८७ साली मालवणचा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, तेव्हा त्यांनी विचारलं : आमच्या पोटाचं काय? तोंडवळी-वायंगणीला 'सी-वर्ल्ड' प्रकल्प येणार म्हटल्यावर लोकांनी जमिनी द्यायला विरोध केला. प्रत्येक वेळी ते बरोबरच होते, असं मी म्हणत नाही. समुद्री जिवांना संरक्षण हवंच. पण वाद घालायला माणूस त्या काठावर शिल्लक आहे, हे महत्त्वाचं. पूल असलेल्या बंगल्यांच्या रांगेत वाद घालायला कोण उरतं?

आणि मालवण म्हणजे आदर्श गाव, असंही चित्र मी रंगवणार नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीत स्कूबाच्या पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. हंगामाची घाई आणि सुरक्षेतली ढिलाई किती महाग पडू शकते, ते तेव्हा कळलं. घर कुणाचंही असो, लाइफ जॅकेट मागून घ्यायचं आणि होडीत गर्दी दिसली तर चढायचं नाही. काठ स्थानिकाचा आहे म्हणून लाट मऊ होत नाही.

मालवणच्या राजकोटावर आणखी एक धडा आहे. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाला तिथे शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. नऊ महिनेसुद्धा टिकला नाही. समोर पाण्यात सिंधुदुर्ग आहे. १६६४ मध्ये त्याच्या बांधकामाला सुरुवात झाली आणि साडेतीनशे वर्षं त्याने लाटा खाल्ल्या. त्या किल्ल्यात आजही वस्ती आहे. शिवनेरीच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगायची गरज पडू नये. एक वास्तू काठाची गरज म्हणून बांधली होती, दुसरी काठावरच्या कार्यक्रमासाठी. पर्यटनाचंही तसंच असतं. काही गोष्टी काठावरच्या माणसांच्या जगण्यातून उभ्या राहतात, काही उद्घाटनासाठी उभ्या केल्या जातात.

म्हणून माझं मत मालवणला. लांब आहे तरी, खर्च जास्त आहे तरी. दरवर्षी जमत नसेल तर दोन वर्षांतून एकदा, पण मालवण.

"आम्ही मजा करायला जातो, मोर्च्याला नाही"

या मताला काय उत्तर येणार, ते मला माहीत आहे.

पहिलं : "अलिबागलाही स्थानिक आहेत की!" आहेतच. कोळीवाडे आहेत. आक्षी-नागाव-रेवदंड्याला नारळी-पोफळीच्या वाड्यांत घरच्या लोकांनी चालवलेल्या खोल्या आहेत. मग अलिबागला जायचंच असेल तर तिथे जा. पांढऱ्या कांद्याच्या माळा रस्त्याकाठच्या शेतकऱ्याकडून घ्या. चौथी कसोटी शहरावर फुली मारायला नाही. ती शहराच्या आतही लावता येते. मालवणातही बाहेरच्या पैशाचं, गेट लावलेलं रिसॉर्ट असेल, तर तिथे राहून मालवण निवडल्याचं पुण्य लागणार नाही.

दुसरं : "घरगुती ठिकाणी सोयी नसतात, आणि भावही काही कमी नसतो." कधीकधी खरं आहे. बाथरूममधलं गरम पाणी मध्येच जातं. सुरमईचा भाव ऐकून घाम फुटतो. पण टोमॅटोला भाव मिळाला नाही की रस्त्यावर ओतणारे आपण, मच्छीमाराने भाव सांगितला की लगेच "लुटतात हे लोक" कसं म्हणतो? त्याचाही हंगाम असतो. जून-जुलैत मासेमारी बंद, पावसाळाभर किल्ल्याची होडी बंद. वर्षाचं पोट त्याला उरलेल्या महिन्यांत भरायचं असतं. शेतकऱ्याच्या पोराला हा हिशेब लगेच कळायला हवा.

तिसरं : "आमच्या एका सहलीने काय फरक पडणार?" एका सहलीने नाही पडत. पण किनारा एका सहलीने बिघडतही नाही. तो अशा लाखो "काय फरक पडतो" मिळून बिघडतो. युरोपातली पाण्याकाठची दोन शहरं बघा. व्हेनिसला २०२४ पासून गर्दीच्या दिवशी एका दिवसाच्या पाहुण्यांकडून पाच युरो प्रवेशशुल्क घ्यायला लागले. म्हणजे शहरात शिरायला तिकीट. बार्सिलोनात जुलै २०२४ मध्ये आंदोलकांनी पाहुण्यांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. तिथल्या महापौरांनी २०२८ पर्यंत पर्यटकांना भाड्याने द्यायच्या फ्लॅटांचे परवाने संपवायचं जाहीर केलं, कारण शहरातल्या लोकांनाच भाड्याने घर मिळेना. श्रीमंत देशातल्या नावाजलेल्या शहरांवर ही पाळी आली. तिथले लोक निदान पिचकारी मारू शकले. आपल्याकडे काठावरचा माणूस मुकाट्याने सात-बारा सोडून जातो.

चौथं आणि सगळ्यात लाडकं : "आम्ही मजा करायला जातो." करा ना! मजा करू नका, असं कुणी म्हणालं? पण मजेची जागा आपोआप तयार होत नाही. कुणीतरी ती राखलेली असते किंवा कुणाकडून तरी ती काढून घेतलेली असते. दोन्हींत फरक आहे, एवढंच म्हणणं आहे.

आता आपला काठ

इथवर वाचून हा लेख कोकणाबद्दल आहे, असं वाटलं असेल तर थांबा. खरी गोष्ट घराजवळची आहे.

३० एप्रिल १९९७ रोजी सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. २०१८ मध्ये आपला जुन्नर राज्यातला पहिला पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. त्यांच्या हातात ती पाटी आपल्यापेक्षा वीसेक वर्षं आधी आली. त्या वीस वर्षांत किनाऱ्यांचं काय काय होऊ शकतं, ते आपण फुकटात बघू शकतो. एका टोकाला किहीम, दुसऱ्या टोकाला रापण. आपल्या धरणांचा काठ कुठल्या टोकाला जाणार?

कारण तो काठ आता बाजारात येतो आहे. रीलमधले तंबू, कॅम्पफायर, बॅकवॉटरवरचा सूर्यास्त, "पुण्याजवळचं स्वर्गसुख" असे मथळे. माणिकडोह, पिंपळगाव जोगे, डिंभे, सगळ्या फुगवट्यांची नावं हळूहळू 'लेक' होत चालली आहेत. धरणाला लेक म्हटलं की एक सोय होते : खाली गाव होतं, हे विसरता येतं. तलाव निसर्गाने दिलेला असतो, धरणासाठी कुणाचं तरी काहीतरी घेतलेलं असतं.

कायदा थोडाफार आपल्या बाजूने आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकायला, गहाण टाकायला किंवा भाडेपट्ट्याने द्यायलाही वरची परवानगी लागते. पश्चिम पट्ट्यातल्या बऱ्याच गावांना पेसा कायदा लागू आहे, तिथे ग्रामसभेला वजन आहे. पण कागदावर नाव एकाचं आणि गल्ला दुसऱ्याचा, ही युक्ती कुठल्याच कायद्याला नवीन नाही. आणि ती करायला मुंबईचा माणूसच लागतो असंही नाही. पूर्वेच्या पट्ट्यातला, पाण्याने श्रीमंत झालेला, पैसे गुंतवायला जागा शोधणारा माणूसही ती करू शकतो. स्पष्ट बोलायचं तर ग्रुपवर पोल टाकणाऱ्यांपैकीच एखादा.

शिवाय हा डोंगरउताराचा मुलूख आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं आणि दीडशेहून अधिक माणसं मेली. अशा मुलखात जेसीबी लावून व्ह्यू पॉइंट सपाट करताना दहा वेळा विचार करावा लागतो. तो विचार जो तिथे पावसाळाभर राहणार आहे तोच करील. शनिवारी येऊन रविवारी जाणारा करणार नाही.

म्हणून पर्यटन तालुक्याकडे मागण्या करायच्या असतील, तर त्या आत्ता करा, भिंती उठायच्या आधी. धरणात पर्यटकांची होडी चालवायचा पहिला हक्क विस्थापितांना आणि त्यांच्या मच्छीमार संस्थांना हवा. पाण्यापर्यंत जाणारी एकही जुनी वाट बंद होता कामा नये, गुरांची असली तरी. गाळपेराच्या जमिनीवर शेतीच राहिली पाहिजे, तंबू नकोत. कुठलाही कॅम्प ग्रामसभेत चर्चा झाल्याशिवाय आणि गावातल्या माणसाच्या खऱ्या मालकीशिवाय उभा राहू नये. आणि रात्री दहानंतर स्पीकर बंद, कारण त्या पाण्यापलीकडे माणसं झोपतात.

शेवटची मागणी बिनखर्चाची आहे. धरणाच्या प्रत्येक व्ह्यू पॉइंटवर आता 'आय लव्ह' लिहिलेली रंगीत अक्षरं बसणार, ती थांबवणं आपल्या हातात नाही. त्यांच्या शेजारी एक साधी पाटी लावा. त्या पाण्याखाली गेलेल्या प्रत्येक गावाचं, प्रत्येक वाडीचं नाव तिच्यावर लिहा. सेल्फी काढणाऱ्याच्या मागे ती नावं आपोआप येतील. डिंभ्याच्या पाटीवर पहिलं नाव आंबेगाव.